जुन्या गाडीचा वळणाचा दिवा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगाव रेणुकाई हें गांव हिरव्या मिरचीच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. हंगाम सुरू झाला म्हणजे भोंवतालच्या खेड्यांतून मिरचीच्या गोण्या घेऊन येणाऱ्या वाहनांची तेथें रीघ लागते. त्यांत नवे टेम्पो असतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, आणि पंचवीस-तीस वर्षें इमानें सेवा केलेल्या जुन्या जीपा व मॅटॅडोरही असतात. माल उतरवून रिकामी झालेली अशी एखादी जुनी गाडी दिवेलागणीच्या सुमारास परत निघते. डांबरी रस्ता सोडून उजवीकडच्या गाडीवाटेनें मळ्याकडे वळावयाचें असतें. चालक इंडिकेटरची दांडी हलवितो, समोरच्या फळीवरचा हिरवा दिवा लुकलुकूं लागतो, टिकटिक ऐकूं येते, आणि आपण इशारा दिला अशा विश्वासानें तो स्टीअरिंग फिरवितो. मागून वेगानें येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास मात्र त्या गाडीच्या पाठीमागें कांहींच लुकलुकतांना दिसलेलें नसतें. तो उजव्या अंगानें गाडी पुढें काढावयास निघालेला असतो.

आपल्या देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें डावीकडे वळणारा आपल्याच कडेनें निघून जातो. उजवीकडे वळणाऱ्यास मात्र मागून पुढें जाणाऱ्याची वाट आणि समोरून येणाऱ्याची वाट अशा दोन्ही वाटा आडव्या कापाव्या लागतात. म्हणून उजव्या बाजूचा मागील दिवा हा गाडीवरील लहान दिव्यांत सर्वांत अधिक जबाबदारीचा होय. तो लागतो कीं नाहीं हें चालकास आपल्या जागेवरून दिसत नाहीं, आणि जी टिकटिक त्यास ऐकूं येते ती दिव्याची नसून एका निराळ्याच लहानशा डबीची असते. ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे पुढील विवेचनाचें प्रयोजन सहज कळेल.

वळण्याचा इशारा पूर्वीं हातानें देत असत. उजवा हात खिडकीबाहेर आडवा धरला कीं उजवें वळण समजावयाचें. पुढें मोटारींस यांत्रिक हात आले. इंग्लंडांत १९४८ सालीं निघालेल्या मॉरिस मायनर गाडीस प्रारंभीं दाराजवळच्या खांबांतून बाहेर डोकावणारा असा एक लहानसा बाहू असे. लुकलुकणारा दिवा अमेरिकेंतील ब्युइक गाड्यांवर १९३९ पासून कारखान्यांतूनच बसवून येऊं लागला व हळूहळू तोच सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२१ व्या कलमानें चालकावर इशारा देण्याचें बंधन घातलें असून वळण्याचा व थांबण्याचा इशारा विजेच्या साधनानें देण्याची मुभा ठेविली आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें हा दिवा पिवळसर नारिंगी असावा व तो मिनिटास ६० हून कमी नाहीं आणि १२० हून अधिक नाहीं इतक्या वेळां लुकलुकावा. ही मर्यादा केवळ कागदी नाहीं. फार सावकाश लुकलुकणारा दिवा क्षणभर पाहणाऱ्यास साधा दिवा वाटतो, आणि फार जलद लुकलुकणारा दिवा नुसता थरथरतांना दिसतो.

येथें जातां जातां एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मोठ्या रस्त्यांवर कांहीं चालक मागच्या गाडीस ‘पुढें जा’ असें सुचविण्याकरितां उजवा इंडिकेटर लावतात. हा संकेत आपसांत कितीही चालत असला तरी घातक आहे. कारण एकाच दिव्याचे दोन परस्परविरोधी अर्थ झाले म्हणजे ज्याचा जीव धोक्यांत आहे त्यानें कोणता धरावा?

आतां दोष शोधावयाचा तर प्रथम विजेची वाट ठाऊक पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्या धन टोंकापासून निघालेला प्रवाह चावीच्या स्विचांतून फ्यूजमध्यें येतो. फ्यूजमधून फ्लॅशर नांवाच्या डबींत. डबींतून स्टीअरिंगखालच्या दांडीच्या स्विचांत. येथें त्यास दोन वाटा फुटतात, एक डाव्या अंगाच्या दिव्यांकडे व दुसरी उजव्या अंगाच्या. ज्या बाजूस दांडी लोटावी त्या बाजूच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बल्बांत प्रवाह एकदम जातो. येथवरची वाट बहुतेकांस ठाऊक असते. पण बल्बांतून बाहेर पडल्यावर प्रवाहाचें काय होतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं, आणि निम्म्याहून अधिक घोटाळा तेथेंच असतो.

पाटाचें पाणी वाफ्यांत शिरलें कीं त्याचें काम संपलें. विजेचें तसें नाहीं. ती विहिरीवरील राहाटाच्या माळेसारखी आहे. भरलेलीं गाडगीं वर येतात तशीं रिकामीं गाडगीं खालीं गेलीं पाहिजेत. उतरती बाजू कोठें अडकली तर चढती बाजूही जागच्या जागीं थांबते. बल्बांतून निघालेला प्रवाह होल्डरच्या धातूंत, होल्डरमधून दिव्याच्या पत्र्यांत, पत्र्यांतून गाडीच्या सांगाड्यांत आणि सांगाड्यांतून बॅटरीच्या ऋण टोंकास परत जातो. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. तिच्याकरितां पुष्कळदां निराळी तार नसते. लोखंडावर लोखंड घट्ट बसलें आहे या भरंवशावरच सारा व्यवहार चालतो. गाडी नवी असतांना हा भरंवसा योग्य असतो. पंचवीस पावसाळ्यांनंतर तो योग्य राहत नाहीं. काळ्या मातीचा चिखल चाकांवरून उडून मागील दिव्यांच्या पाठीस बसतो व दिवसेंदिवस ओल धरून राहतो. भिजलेल्या गोण्यांचें पाणी फळ्यांच्या फटींतून नेमकें तेथेंच झिरपतें. स्क्रूखालीं गंज चढतो. एखादा रंगारी सबंध गाडी रंगवितांना दिव्याच्या बैठकीखालींही रंगाचा जाड थर देऊन जातो. वरून पाहणाऱ्यास स्क्रू घट्ट दिसतो, आंत मात्र वाट बंद झालेली असते.

फ्लॅशरची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. जुन्या प्रकारच्या डबींत दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. प्रवाहानें ती तापते, दोन धातू सारख्या प्रमाणांत प्रसरण पावत नसल्यामुळें वांकते आणि वाट तोडते. वाट तुटली कीं थंड होते, सरळ होते आणि वाट पुन्हां जोडते. हीच ती टिकटिक. ही पट्टी किती लवकर तापावी हें तींतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून आहे. वळणाचा बल्ब सामान्यतः २१ वॅटचा असतो. पुढचा एक व मागचा एक मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. डबी या हिशेबानें बनविलेली असते. एक बल्ब गेला तर प्रवाह निम्मा होतो, पट्टी पुरेशी तापत नाहीं, आणि उरलेला दिवा एक तर रेंगाळत लुकलुकतो किंवा न लुकलुकतां तसाच जळत राहतो. नंतरच्या काळांतील इलेक्ट्रॉनिक डबींत याच्या उलट योजना आहे. प्रवाह कमी झाल्याचें ओळखून ती मुद्दाम दुप्पट वेगानें टिकटिकते, हेतु हा कीं चालकास संशय यावा. खेदाची गोष्ट ही कीं पुष्कळ चालक या घाईच्या टिकटिकीस फ्लॅशरचा बिघाड समजून नवी डबी विकत आणतात. नवीही तशीच टिकटिकते. मग दुकानदारास बोल लावण्यांत येतो.

यावरून लक्षणें कशीं वाचावीं हें दिसेल. दोन्ही बाजूंचे दिवे मुळींच लागत नसतील तर दोष दोहोंच्या सामाईक वाटेवर आहे: फ्यूज, फ्लॅशर किंवा त्यांमधील तार. एकच बाजू आजारी असेल तर सामाईक वाट निर्दोष आहे व शोध स्विचच्या पुढें घ्यावयाचा आहे. एका बाजूचा एकच दिवा मेला असेल तर शोध त्या दिव्याशींच. गाडीस चारही दिवे एकदम लावण्याचा धोक्याचा स्विच असेल तर त्याचीही साक्ष काढावी. पुष्कळ गाड्यांत त्याची वीज निराळ्या फ्यूजमधून येते. चारही दिवे उत्तम लुकलुकत असून दांडी लोटल्यावर कांहींच होत नसेल, तर बल्ब व अर्थिंग निर्दोष असून चावीकडील फ्यूज, दांडीचा स्विच किंवा त्या धोक्याच्या स्विचच्याच आंतील संपर्क मळलेले असण्याचा संभव अधिक. हा स्विच वर्षानुवर्षें कोणी वापरीत नाहीं. तो दहा-वीस वेळां दाबून सोडल्यानें कित्येकदां मृत इंडिकेटर जिवंत होतात.

परंतु सर्वांत फसवें लक्षण तें, ज्यांत सारें कांहीं थोडेंथोडें चालतें. एक जुनी मॅटॅडोर डोळ्यांपुढें आणावी. १९६९ पासून आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यांतून बाहेर पडूं लागलेलें हें वाहन इतकें लोकांच्या अंगवळणीं पडलें कीं खेड्यापाड्यांत त्या आकाराच्या कोणत्याही मालगाडीस मॅटॅडोरच म्हणूं लागले. तर अशा गाडीच्या उजव्या मागील कोपऱ्यांत तीन कामें करणाऱ्या तारा आहेत असें समजूं: रात्रींचा ५ वॅटचा तांबडा दिवा, २१ वॅटचा ब्रेकचा दिवा आणि २१ वॅटचा वळणाचा दिवा. तिघांची परतीची वाट एकच, दिव्याच्या पत्र्यांतून सांगाड्याकडे जाणारी. ही वाट गंजानें बंद झाली आहे.

दुपारच्या वेळीं अंगणांत चालक उजवी दांडी लोटतो. वळणाच्या बल्बांत प्रवाह येतो, पत्र्यांत उतरतो, आणि पुढें वाट बंद दिसतांच आडवाट धरतो. शेजारच्या ब्रेकच्या बल्बांतून तो उलटा शिरतो, ब्रेकच्या तारेनें डाव्या कोपऱ्यांत जातो, आणि तेथील ब्रेकच्या बल्बांतून डाव्या बाजूच्या चांगल्या अर्थिंगमधून बाहेर पडतो. कांहीं अंश तांबड्या दिव्यांच्या तारेनेंही तसाच निसटतो. म्हणजे एका बल्बाकरितां असलेली वीज अनेक बल्बांत वांटली गेली. परिणाम असा कीं उजवा वळणाचा दिवा मंद लुकलुकतो आणि त्याबरोबर तांबडे दिवेही किंचित् लुकलुकतात. मंद कां होईना, पण लागतो ना, असें म्हणून चालक समाधान मानतो.

आतां तीच गाडी दिवेलागणीस रस्त्यावर आहे. मोठे दिवे लावले आहेत, त्याबरोबर मागील तांबड्या दिव्यांच्या तारेंत १२ व्होल्ट आले. त्या तारेनें परत जाण्याची सोय संपली. उलट त्या बाजूनेंही प्रवाह पत्र्याकडे येऊं पाहतो. वळणाचा दिवा आणखी मंद झाला. मळ्याची वाट जवळ आली म्हणून चालकानें ब्रेकवर पाय ठेविला. ब्रेकच्या तारेंतही १२ व्होल्ट आले. आतां तिन्ही तारांत सारखाच दाब, आणि परतीची वाट एकही नाहीं. ज्या क्षणीं वळणाच्या दिव्यांत वीज येते, त्या क्षणीं उजव्या कोपऱ्यांतील तिन्ही दिवे एकदम विझतात. मधल्या क्षणीं, वळणाच्या तारेंतील वीज तुटल्यावर, ते काजव्याइतके पेटतात, एवढेंच. म्हणजे दिवसां अंगणांत मंद कां होईना पण लागणारा हा दिवा अंधारांत, ब्रेक दाबून, उजवीकडे वळतांना, याच एका प्रसंगीं पूर्णपणें नाहींसा होतो. आणि पुढचा दिवा मात्र ठणठणीत असल्यामुळें डबीची टिकटिक चालूच राहते.

या दोषाची एक खूण चालकास आपल्या जागेवर बसूनही दिसूं शकते. दांडी मध्यें ठेवून, अंधारांत, नुसता ब्रेक दाबावा. ब्रेकची वीज उजव्या मागील कोपऱ्यांतून परत जाऊं न शकल्यामुळें ती वळणाच्या बल्बांतून उलटी शिरून तारेनें पुढच्या उजव्या वळणदिव्यांत येते व तेथून सांगाड्यांत उतरते. त्यामुळें पुढचा दिवा निखाऱ्यासारखा मंद तांबूस दिसतो, व पुष्कळ गाड्यांत फळीवरचा हिरवा दिवाही मिणमिणतो. ब्रेक दाबल्यानें इंडिकेटर मिणमिणणें यास दुसरें कारण क्वचितच असतें. फार तर एक: ब्रेकचा व रात्रींचा दिवा मिळून जो दोन तारांचा एक बल्ब कित्येक गाड्यांत असतो, त्याच्या जागीं एका तारेचा बल्ब कोणी दामटून बसविला असावा. दोन तारांच्या बल्बाच्या बाजूच्या खुंट्या याचकरितां खालींवर केलेल्या असतात, पण जोर करणाऱ्या हातापुढें त्या काय करणार!

वाट अगदीं बंद नसून अरुंद झाली असली तरी नुकसान थोडें नाहीं. २१ वॅटच्या पेटलेल्या बल्बाचा विरोध सुमारें सात ओहम असतो. गंजलेल्या जोडानें त्यांत दोन ओहमांची भर घातली तर बल्बाच्या वांट्यास १२ ऐवजीं साधारण ९ व्होल्ट येतात. व्होल्ट पाऊण झाले म्हणून प्रकाशही पाऊण राहील असें मात्र नाहीं. तप्त तारेचा प्रकाश व्होल्टांपेक्षां फार झपाट्यानें उतरतो व येथें निम्म्याच्याही खालीं जातो. त्यावर धुळीचा थर व उन्हानें पांढुरकी पडलेली कांच यांची भर पडली म्हणजे मागून येणाऱ्यास काय दिसत असेल याची कल्पना करावी.

दोष शोधण्याचें साधन अगदीं स्वस्त आहे. १२ व्होल्टचा एक लहान बल्ब, त्यास दोन तारा, एकीच्या टोंकाशीं चिमटा व दुसरीच्या टोंकाशीं सुई. चिमटा सांगाड्याच्या खरडून स्वच्छ केलेल्या लोखंडास लावावा व सुई बॅटरीच्या धन टोंकास टेकवून आधीं हा साक्षीदारच खरा बोलतो कीं नाहीं तें पाहावें. ही पहिली पायरी गाळल्यामुळें कित्येकांनीं निर्दोष तारा कापून काढिल्या आहेत. कांहीं फार जुन्या विलायती बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंकच सांगाड्यास जोडलेलें असतें. तेथें अर्थातच सारा विचार उलटा करावयाचा. सहा व्होल्टची बॅटरी असल्यास बल्बही त्याच मापाचा हवा.

त्यानंतर चावी फिरवून, दांडी उजवीकडे लोटून, विजेच्या मागोमाग जावें. फ्यूजच्या दोन्ही टोंकांस सुई लावावी. एकीकडे दिवा लागून दुसरीकडे न लागल्यास शोध संपला. फ्यूज डोळ्यांनीं पाहून चांगला ठरवूं नये, कारण त्याचीं टोंकें मळलीं असलीं तर आंतली तार शाबूत असूनही प्रवाह जात नाहीं. मग फ्लॅशर. त्यावर ‘बी’, ‘एल’ व कधीं ‘पी’ अशीं अक्षरें असतात: ‘बी’ म्हणजे बॅटरीकडून येणारी वाट, ‘एल’ दिव्यांकडे जाणारी व ‘पी’ फळीवरच्या दिव्याची. ‘बी’ पाशीं वीज असून ‘एल’ पाशीं नसेल, तर ‘बी’ व ‘एल’ च्या तारा डबींतून काढून क्षणभर एकमेकींस जोडाव्या. दिवे न लुकलुकतां स्थिर लागले तर डबी निकामी आहे व बाकी सारें ठीक आहे असें समजावें. एवढ्या एका परीक्षेनें नव्या डबीचा खर्च करावा कीं करूं नये हें ठरतें.

दांडीच्या स्विचपाशीं तारांकडे विशेष लक्ष द्यावें. तेथें त्या सतत हलतात. वरचें आवरण अभंग असून आंतील तांबें तुटलेलें, असा प्रकार येथें पुष्कळ आढळतो. दिवा लावलेला असतांना तारांचा जुडगा हळूच हलवून पाहिल्यास तो उघडकीस येतो. तारांच्या रंगांवर मात्र अंधविश्वास नको. ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत डाव्या वळणास हिरवी-तांबडी व उजव्या वळणास हिरवी-पांढरी तार असते खरी. परंतु जी गाडी पांच मालकांच्या व पंधरा कारागिरांच्या हातांखालून गेली तिच्यांत जो तुकडा हाताशीं आला तो जोडलेला असतो.

शेवटीं दिव्यापाशीं यावें. बल्ब काढून होल्डरच्या तळाशीं सुई टेकविली असतां साक्षीदार लुकलुकला, तर वीज तेथवर पोंचली आहे. बल्ब पुन्हां बसवूनही तो लागत नसेल किंवा मंद लागत असेल, तर तारेचा एक तुकडा घेऊन त्याचें एक टोंक दिव्याच्या पत्र्यास व दुसरें सांगाड्याच्या उघड्या लोखंडास दाबून धरावें. दिवा एकदम झळकला तर रोगाचें निदान झालें. ज्यांच्याजवळ व्होल्ट मोजण्याचें मीटर आहे त्यांनीं दिवा लावून ठेवून दिव्याचा पत्रा व बॅटरीचें ऋण टोंक यांमधील दाब मोजावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आढळला तर परतीची वाट सदोष समजावी.

उपाय निदानाहून सोपा आहे. स्क्रू काढून खालचा गंज व रंग पॉलिश पेपरनें घांसून लोखंड चकचकीत करावें, बैठक पुन्हां आवळून वर थोडें ग्रीस लावावें. आणि सर्वांत चांगलें म्हणजे, दिव्याच्या पत्र्यापासून सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र काळी तार टाकून द्यावी. तिन्ही दिव्यांचा परतीचा भार वाहण्यास एक चौरस मिलिमीटर जाडीची तार पुरे होते. मग गंज पुन्हां चढला तरी वाट उघडी राहते. या कामास लागणारी तार हातभर व वेळ अर्ध्या तासाचा. जोड नुसता पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची जी चाल आहे ती मात्र सोडावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत त्या पट्टीचा डिंक पाघळतो, ती सुटते, पावसाळ्यांत जोडांत पाणी शिरतें व तांब्यावर हिरवा थर चढून तार आंतल्या आंत कुजते. पकडीनें दाबून बसविण्याच्या पितळी टोप्या व त्यांवर गरम केल्यानें आकसणारी नळी बाजारांत स्वस्त मिळते.

तारा कापण्या-जोडण्यापूर्वीं बॅटरीचें सांगाड्याकडील टोंक सोडून ठेवावें. उडालेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद किंवा तारेचा तुकडा घालणें म्हणजे घराला आग लागल्याचें सांगणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड दाबण्यासारखें आहे. फ्यूज उडतो याचा अर्थ कोठें तरी सोललेली तार लोखंडास लागते आहे. बहुधा फळ्यांखालीं, कडेच्या पत्र्याच्या धारेवर, किंवा उंदरानें कुरतडलेल्या ठिकाणीं. गाडी चार दिवस उभी राहिली कीं उंदीर तारांच्या आवरणावर हमखास दांत घांसतो. फ्यूज वितळला नाहीं तर ती तारच तापते, आणि वर गोणपाट व खालीं डिझेल असें असतें.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयीं थोडें निराळें सांगितलें पाहिजे. ट्रॉलीस दिवे असले तरी त्यांची परतीची तार बहुधा कोणी टाकीत नाहीं. ट्रॉली व ट्रॅक्टर जोडणाऱ्या लोखंडी खुंटीवरच सारा भार असतो. ती खुंटी ग्रीसनें माखलेली, सैल आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यागणिक उड्या मारणारी. त्यामुळें ट्रॉलीचे दिवे आपल्या मर्जीप्रमाणें लागतात व विझतात, आणि मागून येणाऱ्यास इशाऱ्याऐवजीं नुसती चमचम दिसते. तेथें दिव्यांच्या तारांबरोबर एक स्वतंत्र परतीची तार नेऊन ती जोडपिनेंत घेणें हाच उपाय. शिवाय ट्रॉलीचा आणखी एक बल्ब वाढल्यानें ४२ चे ६३ वॅट होतात. जोडपट्टीची जुनी डबी त्यामुळें लवकर तापून अधिक जलद टिकटिकते. तिच्यावर किती वॅट लिहिले आहेत तें पाहून त्या भाराला योग्य अशी डबी घ्यावी.

उलट अडचण एल.ई.डी. दिव्यांची. जुने बल्ब काढून हे नवे दिवे बसविण्याची हौस हल्लीं पुष्कळांस आहे. ते वीज फार थोडी खातात, म्हणून जोडपट्टीच्या डबींत पट्टी तापतच नाहीं व दिवा लुकलुकत नाहीं. इलेक्ट्रॉनिक डबीस बल्ब गेल्यासारखें वाटून ती घाईनें टिकटिकूं लागते. त्यांच्याकरितां निराळी डबी मिळते. मात्र अर्थिंग सदोष असतां हे दिवे बसवून दोष झांकूं नये. थोड्याशा विजेवरही ते पेटत असल्यामुळें आडवाटेनें आलेल्या विजेनेंही मिणमिणतात, आणि निदान करणारास अधिकच भ्रमांत पाडतात.

हें सारें करून झाल्यावर परीक्षा घेण्याची वेळ दुपारची नव्हे, संध्याकाळची. घरांतील कोणास तरी, बायको असो, मुलगा असो वा शेजारी असो, गाडीच्या मागें वीस पावलांवर, रस्त्याच्या कडेस उभें करावें. ज्यानें नुकत्याच मिरच्या उतरविल्या असतील त्यानें आधीं हात धुवावे, नाहीं तर डोळे चोळतांना दिवे दोनाचे चार दिसावयाचे. चालकानें मोठे दिवे लावावे, ब्रेक पूर्ण दाबून धरावा व मग उजवी दांडी लोटावी. हीं तिन्ही कामें एकाच वेळीं चालू असलीं पाहिजेत. मागच्या माणसानें तांबडे दिवे स्थिर आहेत कीं वळणाच्या दिव्याबरोबर हलतात तें पाहावें, आणि घड्याळ लावून अर्ध्या मिनिटांत दिवा किती वेळां लुकलुकला तें मोजावें. तीस ते साठ यांच्या दरम्यान आंकडा आला व तांबडे दिवे निश्चल राहिले, तर दांडी डावीकडे लोटून तसेंच पुन्हां मोजावें.